चाळीस मिनिटांत एक वाक्य

मित्रांनो, मी एक जुना रेकॉर्डर आहे. मुठीत मावतो, बटण दाबलं की ऐकू लागतो. कारखान्यातलं मला काही आठवत नाही. माझी पहिली आठवण ब्रह्मपुरीची आहे. तिथे नीलिमाताईंनी मला पिशवीत घेतलं. कर्करोग झालेली माणसं उपचाराचा निर्णय कसा घेतात, याचा त्या अभ्यास करत. जीपने गावोगाव जायचं, परवानगी घेऊन बोलणं टिपायचं, हे आमचं काम.

जुलैत, भातलावणीच्या दिवसांत, आम्ही ठमाबाईंच्या घरी गेलो. त्यांच्या गालात आतून गाठ होती. महिनाभरात शस्त्रक्रिया झाली तर बरं होण्याची आशा चांगली आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. त्यांचे पती बापूराव मधोमध बसले.

"धानाचा रोवणा होऊ द्या, मंग पाहू," ते म्हणाले. "कापलं का पसरते म्हनतेत."

"हाव, पसरतेच," दीर लटारूभाऊ म्हणाले. बोलता बोलता ते प्लास्टिकच्या पन्नीवर तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत होते. तोंडाच्या कर्करोगाची चर्चा आणि तंबाखू घोटण्याचा तो खसखस आवाज, दोन्ही मी एकदमच टिपलं.

ताईंनी कागदावर लिहिलं : निर्णय कुटुंबाचा, शस्त्रक्रिया नको.

दुसऱ्या दिवशी त्या माझ्यातलं बोलणं शब्दन् शब्द उतरवायला बसल्या आणि थबकल्या. चाळीस मिनिटांत ठमाबाईंचं एकच वाक्य होतं : "चाय ठेवू काय?"

ताईंनी तीनदा ऐकलं आणि पुन्हा जीप पकडली. ठमाबाई शेतात, बांधीच्या धुऱ्यावर एकट्याच भेटल्या.

"बाई, तुम्हाला स्वतःला काय वाटतं?"

मी अकरा सेकंद नुसती शांतता टिपली.

"मले ऑपरेशन करूनच घ्याचं हाय. पन हे लय भेतेत. मी हो म्हनलं तं यांचा जीव अर्धा होईन. म्हनून चूप आहो."

त्यांच्याच परवानगीने ताईंनी हे घरी सगळ्यांदेखत बापूरावांना ऐकवलं. ते ठमाबाईंकडे वळले.

"अवो, मले वाटलं तूच भेतं! मंग सांगाचं नाई काय?"

"तुमी बोलू देता तवा!"

लटारूभाऊंनाही हसू आलं. त्याच आठवड्यात ती दोघं शस्त्रक्रियेसाठी नागपूरला गेली.

दिवाळीनंतरच्या तपासणीत रोगाची खूण सापडली नाही. फोनवर हे कळलं तेव्हा मी टेबलावर चालूच राहिलो होतो. ताईंनी सोडलेला तो मोठा श्वास अजून माझ्यात आहे.

पुढच्या भेटीत ताईंनी प्रश्न विचारला आणि सवयीने बापूराव म्हणाले, "तिचं म्हननं असं हाय..." मग थांबले. "तूच सांग." ठमाबाई शस्त्रक्रियेमुळे थोडं जड, पण पाऊण तास बोलल्या.

आता ताई मोबाइलवर टिपतात. मी खणात असतो. माझ्या सेलच्या खाचेला गंज चढला आहे. माझी तक्रार नाही. एवढंच मागणं आहे, मित्रांनो : घरात कोणी आजारी असेल, तर काय करायचं ते आधी त्याला विचारा. आणि विचारल्यावर निदान अकरा सेकंद गप्प राहा.