भामाचं नाक

"वास घे," जोकबेदबाई म्हणाल्या आणि त्यांनी आधी विकत नेलेली कोकमाच्या आगळाची बाटली परत भामापुढे ठेवली.

शुक्रवारची सकाळ. पनवेलच्या मार्केटात भामाची अजून भवानी व्हायची होती. तिने बूच फिरवलं, बाटलीच्या तोंडाशी नाक नेलं, डोळे मिटले आणि छाती भरून श्वास घेतला. गेली तीस वर्षं ती असाच श्वास घेत आली होती आणि गिऱ्हाईकं कौतुकाने बघत आली होती.

"चांगला हाय की बाय. आपटा गावच्या रातांब्यांचा माल हाय."

जोकबेदबाई नुसत्या बघत राहिल्या. बोलली ती शेजारची चंद्रावती. तीही आगळ आणि लोणचीच विकायची, आणि दुसऱ्याच्या मालावर बोलायची संधी तिने आजवर कधी सोडली नव्हती.

"अगो भामा, फिनेल मारतंय त्याच्यात. पलीकडं सुकटवाल्या बसल्यान, तरी माज्यापर्यंत आला वास."

भामाने पुन्हा नाक लावलं. बाटलीत लालभडक आगळ होतं, तिच्या हातचं, आणि वासाच्या जागी काहीच नव्हतं.

"सर्दी झालीय मना," ती म्हणाली. "दुसरी देते, घेऊन जावा."

"दुसरी नको. संध्याकाळी शब्बाथ सुरू झाला की चूल पेटवायची नाही, त्याच्या आत माझं कालवण व्हायला हवं, मी चिंच घालीन," जोकबेदबाई म्हणाल्या. "पण भामा, बाकीच्या बाटल्यांचं काय?"

आता ह्या बाटल्यांची कुळकथा सांगायला हवी. विचुंबे गावच्या भंगारवाल्याकडून भामा पाण्याच्या रिकाम्या बाटल्या गोणीने उचलायची. राखेने घासायची, कोमट पाण्याने विसळायची. कोमटच, कारण कढत पाणी घातलं की त्या आक्रसतात. उन्हात वाळल्या की एकेक नाकाशी धरायची. वास आला की बाटली बाद, नाही आला की आगळ भरायचं. एवढा एकच नियम. पण त्या नियमावर तिचं सगळं नाव उभं होतं. 'भामाच्या नाकाखालून गेलेली बाटली' म्हटलं की मार्केटात पुढे कोणी विचारायचं नाही. आणि भंगारात बाटली येते कुठून? ऑफिसातल्या झाडूवाल्या मावशी पाण्याच्या बाटलीत फिनेल भरून ठेवतात, ते संपलं की बाटली फेकतात. पाण्याच्या बाटलीत फिनेल आणि फिनेलच्या बाटलीत आगळ, आहे की नाही मौज!

आणि नाक? पाच वर्षांपूर्वी तो साथीचा मोठा ताप आला, त्यात भामाचा नवरा दाजी गेला. भामा वाचली. अंगातली ताकद हळूहळू परत आली, तोंडाची चवही बरीचशी आली, नाक मात्र परत आलंच नाही. दाजीचं बारावं-तेरावं सगळं रीतसर झालं, नाकाचं सुतक कोण धरणार? पेटीत दाजीचा एक सदरा होता. वर्षभर ती रोज तो काढून तोंडावर धरायची, कधीतरी त्याचा घामाचा वास येईल म्हणून. मग तिने सदरा काढणं सोडून दिलं. हे तिने कोणालाही सांगितलं नव्हतं. विधवा बाईला कोणी पुसत नाही, पण नाकवाल्या भामाला अख्खं मार्केट पुसत होतं, आणि ते तिला सोडवत नव्हतं.

त्या दिवशी ती पाटी उचलून दहा वाजताच घरी आली. तिचा मुलगा हितेश नव्या बिल्डिंगांतले फ्लॅट भाड्याने लावून द्यायचा. तो जेवायला घरी आला तेव्हा पडवीत आगळाच्या चव्वेचाळीस बाटल्या रांगेत उभ्या होत्या.

"वास घे ह्यांचा," भामा म्हणाली.

"मी? ते तर तुझं डिपार्टमेंट ना?"

"घे म्हणते ना."

हितेशने घेतला. दोन बाटल्या बाजूला काढल्या आणि हात झटकले. "दोनच खराब आहेत. त्या फेक, बाकीच्या ओके. सर्दीबिर्दी झाली असेल तुला. टेन्शन कशाला घेते?"

किती सोपं होतं. बेचाळीस बाटल्या सुटल्या होत्या, नावही वाचलं होतं. भामाला हायसं वाटलं, हे खोटं कशाला बोला. पण जोकबेदबाईंनी बाटली ठेवून ज्या नजरेने बघितलं होतं ती तिच्या डोळ्यांपुढून हलेना. उन्हं कलायच्या आत ती त्यांच्या दारात उभी राहिली.

जोकबेदबाईंनी चौतीस वर्षं एका डॉक्टरांकडे कंपाउंडरकी केली होती. मुलगा रोनेन इस्रायलला, त्या इथे एकट्या. त्यांच्या ज्यू रीतीप्रमाणे स्वयंपाकघरात दोन फडताळं, एक दुधाच्या भांड्यांचं, एक मटणाच्या. चुकून ह्याचा चमचा त्यात जायचा नाही.

"हितेशनं वास घेऊन निवडल्या तर चालतील ना?" भामाने विचारलं.

"हितेशने कशाला? तू घे ना."

भामा जमिनीकडे बघत राहिली. बाईंनी ते बघितलं आणि पुढे रेटलं नाही. चहाचं आधण ठेवता ठेवता म्हणाल्या, "पूर्वी पेशंट मिक्श्चरसाठी घरून बाटली आणायचे. मी पण वासच घ्यायचे, तुझ्यासारखा. एकदा एक बाई तापाने फणफणलेल्या पोराला घेऊन आली. बाटली लखलखीत, वास काही नाही. मी भरून दिली. ती ढेकणांच्या औषधाची निघाली."

"मग गो?"

"वाचलं पोर. पण दोन रात्री मी पाण्याचा घोट घेतला नाही. तेव्हापासून उकळलेली काचेची बाटली दवाखान्यातूनच द्यायची, हा माझा नियम. आमच्या सासूबाई म्हणायच्या, भांडं विसरत नाही. काच उकळता येते. तुझी बाटली उकळता येते का?"

"आक्रसते."

"मग? पाणी पिऊन टाकून द्यायला केलेली ती. ओरखड्यांत काय बसलंय ते तुझ्या राखेने निघत नाही. त्यात तू आंबट-खारट भरून उन्हातान्हात वर्षभर ठेवतेस. जे वासाला येत नाही त्याचं काय करशील?"

भामाचं डोकं फिरलं. नाक गेलं हे दुःख तिने पाच वर्षं पोटात ठेवलं होतं, आणि ही बाई सांगत होती की होतं तेव्हाही ते कामाचं नव्हतं.

"तीस वरसं विकते मी. कोनाच्या पोटात दुखलं नाय आजवर."

"दुखलं असेल ना," जोकबेदबाई शांतपणे म्हणाल्या. "ते डॉक्टरकडे जातात, भामा. तुझ्याकडे सांगायला कोण येणार?"

भामाने चहा तसाच ठेवला आणि उठून आली. येताना सगळ्या वाटेने ती बाईंना मनातल्या मनात शिव्या देत होती. घराशी पोचेपर्यंत शिव्या संपल्या आणि बाईंचं वाक्य तेवढं उरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने एकेक बूच काढायला घेतलं. घरामागच्या खड्ड्यात आगळ ओतलं, माती लाल झाली. एप्रिलपासूनची मेहनत होती ती. रातांबे फोडून फोडून तिच्या बोटांचे काळे डाग अजून गेले नव्हते. हितेश दारात येऊन ओरडला.

"आई, वेड लागलं का? चांगला माल आहे!"

"तू पिशील? मनस्वीला पाजशील ह्यातला?"

मनस्वी म्हणजे त्याची चार वर्षांची लेक. तो आवाज खाली आणून म्हणाला, "बरं, ओत. पण मार्केटात बोंब नको मारू. नव्या बाटल्या आणू, नवा माल करू. लोक विसरतात."

"लोक इसरतात," भामा म्हणाली. "बाटली इसरत नाय."

रविवारी मार्केट फुललेलं असतं. भामा नेहमीच्या जागी रिकामी पाटी घेऊन बसली आणि येईल त्या ओळखीच्या गिऱ्हाइकाला सांगू लागली, "माज्याकडची बाटली घरात असंल तर ओतून टाका. खाऊ नका त्यातला." कोणी हसलं, कोणी घाबरलं, एका बाईने चारचौघांत तिची खरडपट्टी काढली. भामाने ती मान खाली न घालता ऐकून घेतली. चंद्रावतीच्याही बाटल्या त्याच भंगारवाल्याच्या. तिच्याकडे आलेली गिऱ्हाईकं परत फिरू लागली तशी तिचा पारा चढला.

"तुजा माल तुज्यापाशी! आमचा धंदा कशाला बुडवतंस? सगल्या बायांचं नाक कापलंस आज!"

"माजं नाकच नाय, तं कापू काय?" भामा उभी राहिली. आवाज तिने जराही लपवला नाही. "ऐका सगली. पाच वरसं झाली, मना वास येत नाय. फुलाचा नाय, घानीचा नाय. बाटली नाकाशी धरून मी नाटक करत व्हते. चूक माजी हाय. आता ज्याला काय बोलायचा तो बोला."

चंद्रावती आपल्या बाटल्या उगाच सरळ करत बसली.

पुढच्या शुक्रवारी भामा आली ती चिनीमातीची बरणी आणि स्टीलचा डाव घेऊन. बरणी तिच्या सासूची. आपट्याहून शेवटचे उरलेसुरले रातांबे आणून जेवढं झालं तेवढं आगळ तिने त्यात भरलं होतं. "भांडं आना, काचेचा नायतर स्टीलचा," ती प्रत्येकाला सांगत होती. एक माणूस पाण्याची रिकामी बाटली पुढे करून म्हणाला, "ह्यात घाल ना मावशी." भामाने हात जोडले. "त्यात मिलनार नाय." तो चंद्रावतीकडे गेला. दुसरी बाई आली, तीही तिकडेच गेली. अकरा वाजले, ऊन पायांवर आलं, बरणी भरलेलीच होती. भामा ताठ बसून राहिली.

मग जोकबेदबाई आल्या. त्यांनी पिशवीतून जुन्या मिक्श्चरची काचेची बाटली काढली. तिच्यावर एकेका डोसाची खूण दाखवणारी, कातरीने दातेरी कापलेली सहा डोसांची कागदी पट्टी त्यांनी ताजी चिकटवली होती.

"उकळून आणलीय," त्या म्हणाल्या.

भामाने बाटली घेतली आणि सवयीने हात नाकाकडे गेला. चंद्रावती बघत होती. भामाने हात मध्येच थांबवला, बाटली खाली घेतली, उन्हात धरून आतून निरखली आणि डाव भरला.

"किती घालू?"

"सहा डोस."

भामाने पट्टीच्या सहाव्या खुणेपर्यंत आगळ ओतलं, एक थेंब वर नाही की खाली नाही, आणि बूच घट्ट लावून बाटली दोन्ही हातांनी पुढे केली.