मनोऱ्याने धरलेला हात

सुट्टीच्या दिवशी टेकडीवरच्या बागेत गर्दी असतेच, पण ही गर्दी फिरायला आलेली नव्हती. जुन्या मनोऱ्याभोवती माणसं खांद्याला खांदा लावून उभी होती. फुलांचे वाफे पायाखाली तुडवले जात होते आणि त्याचं कुणाला सोयरसुतक नव्हतं. सगळ्यांचे डोळे दारापाशी उभ्या असलेल्या एका माणसावर खिळले होते. पांढराशुभ्र अंगरखा, हातात तांब्या, आणि आवाज असा की शहराच्या खालच्या गल्लीतही ऐकू जावा.

"शेकडो वर्षं उभा आहे हा मनोरा! याने राजे पाहिले, फितूर पाहिले, खुनी पाहिले! दगड मुका असतो असं कोण म्हणतं? दगड बोलतो! ऐकणारा लागतो!"

"आणि तो ऐकणारा म्हणजे हे स्वतः," मी पुटपुटले.

"हळू बोला हो, वन्सं," वहिनींनी माझा दंड दाबला. "पारखीबाबा आहेत ते. चोर, खुनी, सगळ्यांची पारख करतात."

या वहिनी म्हणजे माझ्या भावाची बायको, पाहुण्या आल्या होत्या. टेकडीवरून शहराची कौलं बघायची म्हणून मी त्यांना घेऊन आले होते. कौलं राहिली बाजूला, हे बघायला मिळालं. मी सरकारी दवाखान्यात अपघात विभागात डॉक्टर आहे. फुटलेली डोकी शिवण्यात माझा जन्म गेला. त्यामुळे चिडलेली गर्दी दिसली की मी आधी तिच्या हातात काय आहे ते बघते.

आणि ही गर्दी चिडलेली होती. गेल्याच आठवड्यात इथल्या शिंप्याचं पोर मनोऱ्याच्या माथ्यावरून खाली पडलं. त्याला माझ्याकडेच आणलं होतं. तपासण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्या रात्री घरी जाऊन मी जेवले नाही.

पोर का पडलं, यात गूढ काही नव्हतं. मनोऱ्याची डागडुजी चालू होती, त्यासाठी माथ्यावरचा लोखंडी कठडा काढून ठेवला होता. काम पुरं होईपर्यंत मनोरा बंद ठेवायला हवा होता. पण डागडुजीचं कंत्राट आणि तिकिटांचं कंत्राट एकाच माणसाकडे. त्याने कठड्याच्या जागी एक सुतळी बांधली आणि माणसं वर सोडली. तिकीट फाडणाऱ्या बाईंनी पोलिसांना सरळ सांगितलं होतं, "मी म्हटलं होतं, साहेब, दार बंद ठेवा. कंत्राटदारांनी ऐकलं नाही." या सुट्टीच्या दुसऱ्याच दिवशी चौकशी होती आणि बाई तिथे हेच सांगणार होत्या. दुसरा साक्षीदार नव्हता.

आणि चौकशीच्या आदल्या दिवशी, बघा योगायोग, त्याच कंत्राटदाराने पारखीबाबांना बोलावलं.

"पोर पडलं नाही!" बाबा गरजला. "पोराला पाडलं! काळी विद्या करून पाडलं! ज्याने पाडलं तो आज या बागेतच आहे. मंतरलेल्या पाण्याने हात भिजवा आणि मनोऱ्याला लावा. निष्पाप असाल तर हात कोरा. पापी असाल तर मनोरा हात धरेल आणि लेकराचं रक्त तुमच्या तळव्यावर उमटेल!"

कंत्राटदार शेजारीच हात बांधून उभा होता, चेहरा असा पाडून की त्याच्याच घरात कुणी गेलंय.

सगळ्यात आधी शिंप्याने हात लावला. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. हात कोरा. मग बागेचा पहारेकरी, मग सरबतवाला, मग बघे. बाबा प्रत्येकाला दाराच्या उजवीकडच्या काळ्या दगडापाशी नेई, तळवा टेकवी आणि ओरडे, "निष्पाप!" लोक सुटकेचा श्वास सोडत. आमच्या वहिनीही रांगेत घुसल्या आणि निष्पाप ठरून परत आल्या.

"बघा! कोरा!" ओला तळवा त्यांनी माझ्या नाकासमोर नाचवला.

"वहिनी, या पाण्याला स्पिरिटचा वास येतोय."

"तुम्हाला सगळीकडे दवाखानाच दिसतो!"

तेवढ्यात कंत्राटदाराच्या दोन गड्यांनी तिकीटवाल्या बाईंना बखोट धरून पुढे ओढलं. पन्नाशीच्या, किडकिडीत, चष्मा लावलेल्या बाई. "लावते ना हात, ओढता कशाला?" त्या म्हणाल्या. मान ताठ होती. बाबाने त्यांच्या हातावर पाणी ओतलं. मग मनगट धरून त्यांना उजवीकडे नेलं नाही. दाराच्या कमानीखाली नेलं, भिंतीवर लोंबणारं गोणपाट दूर सारलं आणि तळवा भिंतीवर दाबला. हात वर उचलला तेव्हा तो लालभडक होता.

मग एकच आरडाओरडा झाला.

"चेटकीण! धरा तिला!" ही आरोळी कंत्राटदाराच्या गड्याची. त्यानंतर कोण काय ओरडत होतं ते कळेना. एकाने बाईंचे केस धरून डोकं भिंतीवर आपटलं. दुसऱ्याने पोटात लाथ घातली. चष्मा पडला आणि कुणाच्या तरी बुटाखाली चुरडला. माझ्या शेजारची एक बाई, जी मघाशी मला फुलांची नावं सांगत होती, तिने वाफ्याच्या कडेची वीट उपटली. डागडुजीचे दगड रचून ठेवलेले होतेच. शिंप्याने त्यातला एक उचलून फेकला. तो बाईंच्या कपाळावर बसला आणि त्या खाली कोसळल्या.

मी कशी घुसले ते मला आजही सांगता येणार नाही. कोपरं मारली, एकाला चावले, आणि बाईंच्या अंगावर आडवी पडले. "मी डॉक्टर आहे! मागे व्हा!" पाठीत लाथा बसत होत्या. कपाळातून रक्त वाहत होतं, मी ते रुमालाने दाबलं, आणि बाईंनी आपला लाल हात त्याच रुमालावर ठेवला.

तेव्हा मला दिसलं. एकाच रुमालावर दोन लाल. एक रक्ताचं, दाट, काळपटाकडे झुकणारं. दुसरं गुलाबी, जांभळट, भडक. आयुष्यभर रक्तात हात बुडवलेल्या बाईला कुणी रक्त शिकवू नये.

"हे रक्त नाही!" मी किंचाळले. "पाण्यात औषध आहे! मला द्या पाणी, माझा हात लाल करून दाखवते!"

बाबा हसला. मोठ्या मनाने त्याने माझ्या हातावर पाणी ओतलं आणि बाजूला झाला. मी उठले, उजवीकडच्या काळ्या दगडावर तळवा थाडकन मारला आणि सगळ्यांना दाखवला.

कोरा.

काय शहाणपणा केला होता मी! लोक आता दुप्पट खवळले. "खोटारडी!" "तिचीच जोडीदारीण आहे ही!" एक दगड माझ्या कानाला घासून गेला, दुसरा खांद्यावर बसला. मी भेलकांडले आणि तोल सावरायला भिंत धरली. कमानीखालची, गोणपाटामागची. बोटांवरच्या खरचटलेल्या जागी मिरची लागल्यासारखं झोंबलं.

हात वर घेतला तर लालभडक!

"बघा! हिलाही धरलं मनोऱ्याने!" बाबा नाचलाच. "दोघी मिळून! दोघी मिळून!"

गर्दी पुढे सरकली. खरं सांगते, माझी पाचावर धारण बसली. पण झोंबणाऱ्या बोटांना पांढरा, ओला लगदा चिकटला होता, आणि तो मला ओळखीचा होता. चुना! जुन्या बांधकामाला सिमेंट चालत नाही, सांधे चुन्यानेच भरावे लागतात. ताजा चुना पटकन वाळून तडकू नये म्हणून त्यावर भिजवलेलं गोणपाट टाकून ठेवतात. काल-परवा भरलेली जागा होती ती. एकटं पाणी नाही, एकटी भिंत नाही. दोन्ही एकत्र आली की खेळ पुरा होत होता.

शिंपी दुसरा दगड घेऊन माझ्यासमोर येऊन उभा होता.

"मार," मी त्याला म्हटलं. "पण आधी तुझा हात इथे लाव. जिथे तिचा लावला तिथेच."

"माझा हात झाला लावून."

"तो तिकडे, काळ्या दगडाला. इथे लाव. भितोस कशाला? तू तर निष्पाप आहेस ना?"

"नको!" बाबा मध्ये पडला. "एकदा पारख झालेला हात पुन्हा लावायचा नसतो! कोप होईल!"

मंत्रपाठ चालावा तसा बोलणारा हा माणूस पहिल्यांदाच अडखळला. शिंप्याने ते पाहिलं. "का नको?" त्याने विचारलं. बाबाने तांब्या पाठीमागे लपवला. आणि तिथे, देवाशपथ, आमच्या वहिनी उभ्या होत्या. त्यांनी तो हिसकावला, असा की बाबाच गोल फिरला.

"माझ्या नणंदेला दगड मारता?" वहिनी ओरडल्या. "धरा हो भाऊ हात पुढे!"

शिंप्याच्या तळव्यावर पाणी पडलं. त्याने दुसऱ्या हातातला दगड तसाच धरून ठेवला आणि तळवा कमानीखाली टेकवला. काढला. आपल्याच हाताकडे तो बघत राहिला. लालभडक.

"म्हणजे मी?" तो म्हणाला. "माझ्या पोराला मी मारलं?"

मागची वीटवाली बाई रडायला लागली.

"नाही रे भाऊ," मी म्हटलं. "तू नाही, तीही नाही. सरबतवाले, लिंबू द्या एक."

सरबतवाल्याने गाडीवरून कापलेलं लिंबू दिलं. मी ते शिंप्याच्या तळव्यावर पिळलं. लाल रंग डोळ्यांदेखत नाहीसा झाला आणि कोरा, सुया टोचून खरबरीत झालेला शिंप्याचा तळवा वर आला.

"लिंबाने खुनाचं पाप धुतलं जातं का?" मी गर्दीला विचारलं. "पाण्यात फिनॉल्फथॅलिन आहे, स्पिरिटमध्ये विरघळवलेलं. शाळेच्या प्रयोगशाळेत असतं. चुन्याच्या निवळीत टाकलं की लाल-गुलाबी होतं, आंबट पडलं की रंग जातो. तुमच्यातल्या निम्म्यांनी परीक्षेत लिहिलंय हे! काळ्या दगडाला ओला चुना नाही, म्हणून तुम्ही सगळे निष्पाप. बाईंना तेवढं चुन्यापाशी नेलं. ज्याला खुनी ठरवायचं त्याला तिथे न्यायचं, एवढीच यांची पारख!"

पहारेकरी पुढे आला, त्याने हात लावला. लाल. सरबतवाला. लाल. वहिनींनी तर दोन्ही हात लावले.

आता तरी डोकी ठिकाणावर यावीत की नाही? छे! "मारा या भोंदूला!" अशी आरोळी उठली आणि तीच माणसं, तेच दगड घेऊन बाबावर तुटून पडली. त्याचा अंगरखा फाटला, नाक फुटलं, एकाने गळा आवळला. मघाशी दगडाला बोलतं करणारा तो माणूस "आई गं, आई गं" करत माझ्या पायांशी सरपटत आला. मला त्याची दया आली का? मुळीच नाही. तरीही मी त्याच्यासमोर हात पसरून उभी राहिले.

"बास!" मी ओरडले. घसा फाटला. "मघाशी तुम्हाला खात्री होती, आताही खात्री आहे! दगड खाली टाका. त्याला पोलिसांकडे द्या. आणि जरा डोकं चालवा! मरण आलं की आपल्याला मारायला कुणीतरी लागतं, आणि ते कुणीतरी कोण, हे दाखवणारा असा एखादा लगेच उगवतो. त्याला इथे कुणी आणलं, ते विचारा ना!"

शिंप्याच्या हातून दगड गळून पडला. तो बाईंपाशी गुडघ्यांवर बसला. त्या शुद्धीत होत्या, कपाळ धरून भिंतीला टेकल्या होत्या. "ताई, मी मारला दगड," तो म्हणाला. बाईंनी त्याच्याकडे पाहिलं आणि मान वळवली. माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत, आणि का म्हणावं त्यांनी?

मग तो उठला. कंत्राटदार फाटकाच्या दिशेने हळूच सटकत होता. शिंपी त्याच्या वाटेत जाऊन उभा राहिला. शिवी नाही, हात उचलणं नाही. मनोऱ्याच्या माथ्याकडे बोट करून त्याने विचारलं,

"वरचा कठडा कुठे आहे?"

कंत्राटदाराने त्याला वळसा घालून जायला पाहिलं.

"वरचा कठडा कुठे आहे?" शिंप्याने पुन्हा विचारलं. या वेळी पहारेकऱ्यानेही विचारलं, सरबतवाल्यानेही. मग सगळी बाग विचारू लागली, आणि पोलीस येईपर्यंत विचारत राहिली.

बाईंच्या कपाळाला टाके मीच घातले. दुसऱ्या दिवशी डोक्याला पट्टी बांधून त्या चौकशीला गेल्या आणि जे सांगायचं ते त्यांनी सांगितलं. एका डोळ्याने आता त्यांना नीट दिसत नाही. सुखरूप सुटल्या असं मी लिहिणार नाही, कारण त्या सुखरूप सुटल्या नाहीत.

तुम्हाला एवढंच सांगते. उद्या तुमच्या गावात दगड बोलला, भिंत रडली, कुणाचा हात लाल झाला, तर हात जोडू नका आणि उगारूही नका. आधी विचारा की हा चमत्कार झाला नसता, तर आज आपण कोणता प्रश्न विचारत असतो, आणि कुणाला. मग तो प्रश्न त्यालाच जाऊन विचारा.