घुमटाच्या पडद्याची भोकं

सन दोन हजारच्या उन्हाळ्यात कोरेगाव भीमाच्या एका लहान वर्कशॉपला मुंबईच्या नव्या थिएटरच्या पडद्याचं काम मिळालं. अ‍ॅल्युमिनियमचे वाकवलेले पत्रे, आणि प्रत्येकाला बारीक बारीक हजारो भोकं. करुणा आणि सोजरबाई रंगवलेले पत्रे पुसून कागदात गुंडाळायच्या.

एकदा थिएटरचे इंजिनिअर पाहणीला आले. करुणानं विचारलं, "साहेब, सिनेमाच्या पडद्याला भोकं कशापायी?"

ते खूश झाले. "हा पडदा घुमटासारखा डोक्यावर येतो. फिल्मवरचं एकेक चित्रच नेहमीच्या जवळपास दहापट मोठं, म्हणून एवढ्या पडद्यावरही धूसर होत नाही. आणि स्पीकर पडद्यामागं. आवाज या भोकांतून येणार."

"मग रंग पांढरा का न्हाई?"

"घुमटात एका बाजूचा उजेड दुसरीवर पडतो. पांढऱ्यावर चित्र फिकं दिसेल. म्हणून राखाडी."

पुढच्या आठवड्यात करुणानं एक पत्रा खिडकीकडं धरला, तर पलीकडचा उजेड दिसेना. रंगाचा हात जाड बसून निम्मी भोकं बुजली होती. तिनं सुपरवायझर सुदर्शनला दाखवलं.

"असे सोळा पॅक झालेत," तो वैतागला. "कुणाला दिसणार हाय तिथं?"

"दिसायचं न्हाई, पण ऐकू यायचं हाय ना?"

"तू पुसायचं काम कर."

करुणाची नोकरी रोजंदारीवरची, उद्या येऊ नको म्हटलं की संपलं. तरी तिनं सोजरबाईंना पत्र्यामागं उभं केलं. "मावशी, बोला कायतरी."

सोजरबाई भांबावल्या, मग मोठ्यानं नातवंडांची नावं घेऊ लागल्या. चांगल्या पत्र्यातून नाव न् नाव स्पष्ट आलं. बुजलेल्यातून तोंडावर पदर धरल्यासारखं. सुदर्शननं दोनदा ऐकलं.

"उघडा सगळे कागद," तो म्हणाला.

सोळा पत्रे खरवडून रंगवायला नऊ दिवस लागले.

वर्षभरानं मालकांनी सगळ्यांना त्या थिएटरात सिनेमा बघायला नेलं. डोक्यावरून नदी वाहू लागली तशी सोजरबाईंनी करुणाचा हात घट्ट धरला. "अगं, पडंन मी!" करुणा पत्र्यांचे जोड शोधत होती. एकही सापडला नाही, मग तिनंही शोधणं सोडलं आणि मान मागं टाकली.

बाहेर पडताना काचेपलीकडं सिनेमा दाखवायचं मशीन दिसलं. भल्यामोठ्या थाळीवर आडवं पडलेलं फिल्मचं रीळ. करुणा तिथंच थांबली. बस सुटायला आली होती.

"बघून घे," सुदर्शन म्हणाला. "ड्रायव्हरला थांबायला मी सांगतो."