तिसऱ्या ओळीतला चौथा खण

मित्रांनो, मी औषधाच्या दुकानातल्या एका जुन्या लाकडी कपाटाचा खण आहे. सहा ओळी, प्रत्येक ओळीत दहा खण, त्यातल्या तिसऱ्या ओळीतला चौथा तो मी. आणि आधीच कबूल करून टाकतो, मी भित्रा आहे. माझे शेजारी कापूस, मलम, खोकल्याच्या वड्या असले काहीबाही पोटात घेऊन निवांत पडून असतात. मला मात्र कोणी हात लावला की धस्स होते. असे का होते, ते सांगतो.

सुताराने मला घडवले तेव्हा माझे लाकूड पुरते वाळलेले नव्हते. त्यामुळे हवा दमट झाली की मी फुगायचो आणि अडून बसायचो. दोनदा ओढल्याशिवाय उघडायचो नाही. "हा एक आडमुठा निघालाय," असे सुतार तेव्हाच म्हणाला होता. रंधा मारतो, मारतो म्हणाला आणि गेला तो गेलाच.

दुकान आत्याचे. ती कोणाची आत्या होती हे गिऱ्हाइकांना ठाऊक नव्हते, तरी सगळे तिला आत्याच म्हणत. माझ्या पोटात तिने रक्तदाबाच्या गोळ्या ठेवल्या आणि त्या तिथेच तीस वर्षे राहिल्या. मी तिच्या कोपराच्या उंचीवर, उजव्या हाताला. ती गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघत त्याच्या गुडघ्याची, त्याच्या मुलाच्या परीक्षेची चौकशी करायची आणि तिचा हात मागच्या मागे माझ्यापर्यंत यायचा. दोन हिसके, दोन पाकिटे, खण बंद. एकदाही मान वळवायची नाही. लोक कौतुकाने बघत राहायचे. "आत्याचा हात म्हणजे हात," म्हणायचे. मलाही तेव्हा त्याचा अभिमान वाटायचा. आज तो आठवला की अंगावर काटा येतो.

बाकी दुकानाची मात्र पार रया गेली होती. चिठ्ठी घ्यायची, गोळ्या मोजायच्या, पुड्या बांधायच्या, डबा खायचा, सगळे एकाच टेबलावर. ते टेबलही इतके बुटके की संध्याकाळपर्यंत आत्याची कंबर धरायची. थंड ठेवायच्या औषधांचा फ्रिज पार मागच्या खोलीत, वाटेत खोक्यांची रास. रोज लागणारी औषधे शिडीवर चढून काढायची आणि वर्षातून एकदा लागणारी हाताशी. आत्याला विचारले तर म्हणायची, "मला सापडतं ना? मग झालं."

मग तिची भाची आली. आत्याच्या भावाची मुलगी. मोठ्या दवाखान्याच्या औषध विभागात चार वर्षे काम केलेली, हुशार, आणि गप्प बसून बघणारी. आत्याच्या पश्चात दुकान तीच बघणार होती. पहिले तीन दिवस ती कोपऱ्यात वही घेऊन उभी राहिली आणि आत्याची पावले मोजत राहिली.

"आत्या, तू दिवसाला साडेतीन किलोमीटर चालतेस," ती चौथ्या दिवशी म्हणाली.

"मी कुठं गेले चालायला? मी दुकानातच असते."

"दुकानातच चालतेस. म्हणून तर म्हणते, दुकान बदलायला हवं."

आत्याने आधी नाक मुरडले. पण कंबर रोजची दुखत होतीच. शेवटी ती म्हणाली, "कर काय करायचं ते. मला बसायला एक उंच स्टूल दे म्हणजे झालं."

भाचीने कागदावर दुकान आखले. दारापाशी चिठ्ठी घ्यायचे टेबल. मधे औषध काढून भरायचे टेबल, कोपराच्या उंचीचे. शेवटी दिव्याखाली तिसरे टेबल, तपासायचे. औषध एकीने काढायचे आणि ट्रेमध्ये ठेवायचे, दुसरीने चिठ्ठीशी ताडून बघायचे, मगच ते गिऱ्हाइकाच्या हातात. त्या टेबलाशी कोणी गप्पा मारायच्या नाहीत. फ्रिज पुढे आला, खोकी मागे गेली. प्रत्येक खणात एक कार्ड, किती आले, चिठ्ठीवर किती गेले आणि किती उरले ते लिहायला. खरे सांगतो, मित्रांनो, आखणी फार चांगली होती. तशी आखणी तीस वर्षांपूर्वीच व्हायला हवी होती.

सुट्टीच्या दिवशी सुतार आला. हा नवा सुतार होता. त्याने आम्हा साठही खणांच्या कडा घासल्या आणि मेण लावले. मी आयुष्यात पहिल्यांदा एका बोटाने उघडू लागलो. मी केवढा खूश झालो होतो, काय सांगू.

मग भाचीने औषधे लावली. सर्वांत जास्त खपणारे औषध सर्वांत सोयीच्या जागी, हा तिचा नियम. सर्वांत सोयीची जागा मी. आणि तिच्या वहीप्रमाणे सर्वांत जास्त खपत होत्या मधुमेहाच्या गोळ्या. माझ्यातल्या रक्तदाबाच्या गोळ्या निघून खालच्या ओळीत गेल्या आणि मधुमेहाच्या तीस पाकिटांनी माझे पोट भरले. तीच रुपेरी पाकिटे, तोच आकार. माझ्या कपाळावर नवी ठळक चिठ्ठी लागली. मला तेव्हाच कसेसे झाले. माझ्याकडे येणारा तो हात कपाळ वाचत नाही, हे मला ठाऊक होते. भाचीला कुठून ठाऊक असणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या अगदी शहाण्यासारखी वागली. चष्मा लावून एकेक चिठ्ठी वाचत, पुटपुटत औषधे काढत होती. मला वाटले, आपण उगाच घाबरलो. दुपारी गर्दी वाढली. भाची फोनवर माल मागवत होती, तपासायच्या टेबलाशी कोणी नव्हते. तेवढ्यात शिंपीणबाई आल्या. चार घरे सोडून त्यांचे शिवणकामाचे दुकान. दर महिन्याला सासूबाईंच्या रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला यायच्या.

"काय गं, डोळे का सुजलेत?" आत्याने विचारले.

"झोप नाही हो. लग्नाची शिलाई आलीय, मशीन बंदच होत नाही."

"तब्येतीला जप बाई. तू पडलीस तर सासूकडे कोण बघणार?"

आत्या त्यांच्या सुजलेल्या डोळ्यांकडे बघत होती. आणि तो हात निघाला. मागच्या मागे, माझ्या दिशेने. मित्रांनो, माझी पाचावर धारण बसली. मी जीव एकवटून अडून बसायला बघितले. पण माझ्या कडांना मेण होते. लोण्यातून सुरी जावी तसा मी उघडलो. दोन पाकिटे गेली. मी बंद झालो. आत्या क्षणभर तपासायच्या टेबलाकडे वळली, तिथे कोणी नाही हे बघितले आणि म्हणाली, "जा बाई तू. घरची माणसं तुम्ही, तुम्हाला कशाला ताटकळत ठेवू?"

आता तुम्हीच विचार करा. त्या सासूबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, चिमणीएवढे जेवणाऱ्या. त्यांना मधुमेह नव्हताच. अशा माणसाच्या पोटात ही गोळी गेली तर रक्तातली साखर झपाट्याने उतरते. आधी घाम, मग थरथर, मग शुद्ध हरपते. भाचीने कालच हे आत्याला समजावून सांगितले होते, माझ्यासमोर. दुपारच्या जेवणानंतर त्या गोळी घेतात हेही मला माहीत होते. सगळे मला माहीत होते आणि मी एक लाकडाचा खण होतो.

दोन वाजता दुकान जेवणासाठी बंद व्हायचे. त्याआधी भाची कार्डे तपासू लागली. माझ्यापाशी आली. कार्डावर तीस, पोटात अठ्ठावीस. तिने पुन्हा मोजले.

"आत्या, यातून कुणाला दिलंस? चिठ्ठी नाही याची."

"कशातून?"

"तिसऱ्या ओळीच्या चौथ्यातून."

"शिंपीणबाईला दिल्या ना. सासूच्या बीपीच्या." एवढे बोलून आत्या थांबली. तिने मान वळवून माझ्या कपाळावरची चिठ्ठी वाचली. तिच्या तोंडचा रंगच उडाला.

भाचीने फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. शिलाई मशीनच्या आवाजात तिकडे कोणाला ऐकू जाणार? आत्या तशीच निघाली, अंगात पांढरा कोट, पायात एकच चप्पल. भाची मागोमाग. दार धाडकन लागले आणि मी अर्धा उघडा राहिलो.

त्या वेळेइतका लांब वेळ मी कधी काढलेला नाही. समोर भिंतीवर घड्याळ होते. दोन. दोन वाजून दहा. बाहेर कोणीतरी दार वाजवून गेले. मी माझ्यातली अठ्ठावीस पाकिटे सांभाळत बसलो होतो आणि मला त्यांचीच भीती वाटत होती. औषधेच ती, कोणाचा तरी जीव वाचवणारी. त्यांच्यासारखीच दोन फक्त चुकीच्या घरी गेली होती.

सव्वादोनला भाची एकटी धावत आली. साखर तपासायचे यंत्र उचलले आणि फोन खांद्यात धरून डॉक्टरांशी बोलली. "एक गोळी गेलीय पोटात. हो, शुद्धीवर आहेत, पण घामाने भिजल्यात. साखरपाणी पाजलं. रिक्षा बोलावलीय." आणि ती गेली. पुढे काय झाले ते दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत मला कळले नाही. जीव टांगणीला लागणे म्हणजे काय, ते तेव्हा समजले.

सासूबाई वाचल्या. दवाखान्यात त्यांच्या शिरेतून साखर द्यावी लागली, साखर पुन्हा उतरत होती म्हणून रात्रभर ठेवून घ्यावे लागले, पण वाचल्या. आत्या त्यांच्या उशाशी बसून होती. सकाळी ती दुकानात आली ती गिऱ्हाइकांच्या बाजूला, बाकावर बसली. आत यायलाच तयार नाही.

"मी नाही आता औषध काढणार," ती म्हणाली. आपला उजवा हात तिने डाव्या हाताने घट्ट धरून ठेवला होता. "मला या हाताची भीती वाटते."

भाची तिच्या शेजारी जाऊन बसली. "मलाही काल रात्रीपासून भीतीच वाटतेय. चूक माझीपण आहे, आत्या. मी तुझी पावलं मोजली. तुझा हात कुठं जातो ते बघितलंच नाही."

त्या दिवशी दुकान उघडले नाही. भाचीने आम्हा साठही जणांना रिकामे केले. आत्याला हाताला धरून आत आणले, तिच्या डोळ्यांना रुमाल बांधला आणि म्हणाली, "मी नाव घेते. विचार करू नकोस. हात जाईल तिथं जाऊ दे."

एकेक नाव घेत गेली तसा हात जाऊ लागला आणि भाची त्या त्या खणावर खडूने खूण करत गेली. बावीस खणांवर खुणा झाल्या. मग सगळी मांडणी नव्याने झाली. जिथे हात आपोआप जातो, तिथे कापूस, पट्ट्या, ताप बघायच्या नळ्या, चुकून दिले तरी कोणाचा जीव जाणार नाही असे. आणि धोक्याची औषधे खालच्या काचेच्या कपाटात, लाल मुठीच्या दारामागे. तिथून काही काढायचे तर वाकावे लागते, चष्मा लावावा लागतो, वाचावे लागते.

शेवटी मी उरलो. माझ्यावर खडूच्या खुणा सगळ्यांत जास्त होत्या.

"ह्यात काय ठेवायचं?" आत्याने विचारले.

"काही नाही."

माझे तर धाबेच दणाणले. रिकाम्या खणाचे काय होते ते आम्हाला ठाऊक असते. आधी त्यात खिळे आणि दोऱ्याची गुंडी येते, मग एके दिवशी तो बाहेर निघून माळ्यावर जातो. मी बरेच दिवस याच धास्तीत होतो. मग एका सकाळी, बोलता बोलता, आत्याचा हात आला. माझ्यात शिरला. बोटे माझ्या कोऱ्या तळाला लागली आणि तिथेच थांबली. आत्या बोलायची थांबली. वळली. चष्मा लावला आणि समोरची चिठ्ठी पहिल्या अक्षरापासून वाचू लागली. रिकामा असूनही मी तिथे का आहे, ते मला तेव्हा समजले. तेव्हापासून आठवड्यातून एकदा तरी तो हात येतो आणि दर वेळी मी आधी घाबरतो.

शिंपीणबाई मात्र येईनाशा झाल्या. आत्या कधी त्यांचे नाव काढत नसे, पण दारात सावली पडली की तिकडे बघायची. दोन महिन्यांनी काठी टेकत त्या सासूबाईच आल्या. एकट्या.

आत्या उभी राहिली. "मावशी, तुम्ही दुसरीकडून घेत असाल तर घ्या. मला राग नाही."

"घेतल्या दोन महिने दुसरीकडून," सासूबाई म्हणाल्या. "तो माणूस फार चांगला आहे. गप्पा मारतो, हसतो, आणि माझ्या तोंडाकडे बघत गोळ्या काढून देतो. मला फार भीती वाटते गं तिथं. तू दे."

आत्याने लाल मुठीचे दार उघडले. पाकीट काढून ट्रेमध्ये ठेवले. तपासायच्या टेबलाशी दिव्याखाली भाचीने नाव मोठ्याने वाचले. मग सासूबाईंनी आपला चष्मा काढला, पदराने पुसला आणि एकेक अक्षर लावत स्वतः वाचले. मागे तीन माणसे खोळंबली होती. एकाने घड्याळ बघितले. आत्या त्याला म्हणाली, "थांबा जरा. त्यांचं वाचून होऊ दे."

मित्रांनो, त्या दुपारी काय चुकते आहे ते मला दिसत होते, पण मला तोंड नव्हते. तुम्हाला आहे. घरात आजीचे, बाबांचे, कोणाचेही औषध आले की पाकिटावरचे नाव चिठ्ठीशी जुळवून बघा. औषध काढणाऱ्या माणसाला घाई करू नका, त्याला बोलण्यात गुंतवू नका. आणि काही वेगळे दिसले, तर समोरचे माणूस कितीही मोठे, कितीही मायेचे असो, विचारा. घाबरत घाबरत का होईना, पण गोळी पोटात जाण्याआधी विचारा.