राठौरांच्या भिंतीवरचं फूल

"फोन दिखाइए, अंकल," राठौरांच्या मुलाने हात पुढे केला आणि ह्यांनी फोन छातीशी धरला. तिथेच घोळ झाला. कुठे काय करावं हे ह्या माणसाला जन्मात कळलेलं नाही.

मी दूध घेऊन येत होते. गल्लीच्या तोंडाशी माणसं जमलेली, मधोमध हे, मानेपर्यंत लाल झालेले. हातात माझा जुना काळा ब्लाउजपीस.

"काय झालं हो?"

बाजूच्या बाईने कानात सांगितलं, तुमच्या साहेबांनी राठौरांच्या बहूचा फोटो काढला, न्हाणीघराच्या खिडकीतून.

बँकेतून रिटायर झाल्यापासून ह्यांना फुलांच्या फोटोंचा नाद. बागेत जातील तर शपथ. नालीकाठचा धोतरा, कुणाच्या गेटवरची मधुमालती. मागची भिंत, वायरी दिसू नयेत म्हणून मागे काळं कापड धरायचं. आता राठौरांचा गिलक्याचा वेल पाइपावरून चढला, त्याला पिवळंधमक फूल आलं ते नेमकं त्या खिडकीखाली. आतून सुनेला काय दिसणार? वर आलेला हात आणि फोन.

"पुलिस को बुलाओ," मागून कुणीतरी म्हणालं.

"द्या ना हो तो फोन."

"मी काय चोर आहे, जयू?" आवाज इतका बारीक, की मलाच ऐकू आला.

मी फोन ओढला, उघडला आणि त्या पोराच्या हातात दिला. "देख लो. पूरा देखना. बीच में छोड़ना मत."

तो बोटाने फोटो सरकवत गेला. गिलक्याचं फूल, मागे नुसता काळोख. पुन्हा तेच, जरा जवळून. मग धोतरा, मग कण्हेर. सगळे मान वाकवून बघत होते. मी मनात महाकाळाचा धावा करत होते. मग सूनच पुढे आली. "ये हमारे यहाँ का है?" तिने विचारलं आणि तिचे डोळे भरले.

"सॉरी अंकल," फोन परत देत तो पोरगा म्हणाला. "ज़माना ही ऐसा है."

"नहीं बेटा, पूछना ही चाहिए था," हे म्हणाले. फोन खिशात ठेवायला गेले, तर हाताला खिसाच सापडेना. मला इतकं तुटलं, की तिथेच रडले असते.

रविवारी भाजी आणायला निघालो, तर सुनेने गेटवरून हाक मारली. "अंकल, नया फूल आया है. आइए ना."

"हाँ बेटा, बहुत सुंदर है," हे म्हणाले. मान वर केली नाही.

घरी आल्यावर पूजेच्या पुडीतली एक शेवंती आणि तो काळा ब्लाउजपीस उचलून हे स्वयंपाकघरात गेले. खिडकी लावली. दाराला आतून कडी घातल्याचं मला ऐकू आलं. भाजीची पिशवी घेऊन मी बाहेरच बसून राहिले.