हरणाला आलेला वास

हरणं खोटं बोलत नाहीत आणि माझा नवराही खोटं बोलत नाही, असं मी सत्तरीला टेकेपर्यंत धरून चालले होते. त्या वर्षीच्या पानगळीत मात्र दोघांपैकी कुणीतरी एक थापा मारत होतं, आणि कोण ते मला काही केल्या कळेना.

रोज संध्याकाळी तेच. आमचा शेजारी ड्वेन, त्याच्या शेताच्या कडेला ओकच्या झाडावर आमचं मचाण आहे. तिथं मी क्रॉसबो, म्हणजे आमचं आडवं धनुष्य, मांडीवर घेऊन दगडासारखी बसायची. वारा समोरून, अगदी तोंडावर. मादी यायची, दोन पिल्लं मागे, चरत चरत शेताच्या बांधापर्यंत. मी ज्या गवतातून चालत आले होते तिथं पोचली की थबकायची. नाक खाली घालायची. मग असा काही झटका, असा फुत्कार, की मीच दचकायची. पांढऱ्या शेपट्या उभ्या करून सगळी पसार. दरीभर तिचं फुसफुसणं ऐकू येत राहायचं, म्हणजे बाकीच्या हरणांनाही वर्दी गेली.

घरी येऊन मी ऑरिनसमोर उभी राहायची.

"हुंग मला."

तो खुर्चीतूनच पुढे वाकायचा. कॉलर, बाह्या, गुडघे, सगळीकडे नाक फिरवायचा.

"काही नाही. पाण्यासारखी स्वच्छ आहेस."

"मग त्या भवानीला काय आलं?"

"वारा फिरला असेल."

"तोंडावर होता रे वारा! म्हातारी सोडून बघितली मी."

बोंडातला कापूस वाऱ्यावर सोडून बघायची आमच्याकडे पद्धत आहे. ती म्हातारी कुठं तरंगत जाते, तिकडं आपला वास जातो.

"एक म्हातारी हवेत, एक झाडावर," ऑरिन म्हणायचा. "घाबरणारच की हरीण."

असं हसून तो विषय संपवायचा, आणि मला गप्प बसण्यावाचून इलाज नव्हता, कारण माझं स्वतःचं नाक मेलेलं आहे. दोन हिवाळ्यांपूर्वी मोठा ताप आला, तो गेला तो वास घेऊन गेला. तेव्हापासून कॉफी म्हणजे मला नुसतं कढत पाणी. टोस्ट जळला तर धूर दिसल्यावर कळतो. डॉक्टर म्हणाला, येईल परत, नाही येणार, सांगता येत नाही. त्यासाठी डॉक्टर कशाला हवा, ते मीही सांगितलं असतं.

ऑरिनचं नाक मात्र आमच्या सगळ्या टेकड्यांत नावाजलेलं. सप्टेंबर लागला की वासाचा साबण घरातून हद्दपार व्हायचा. शिकारीचे कपडे खायच्या सोड्यात धुवायचे, बाहेर दोरीवर वाळवायचे, आणि मग घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या पेटीत, खाली रानातला पाला आणि सीडरच्या डहाळ्या अंथरून, त्यावर ठेवायचे. ती पेटी मागच्या पडवीत. कपडे अंगावर चढवायचे ते बाहेर, शेडपाशी, थंडीत कुडकुडत. शिकारीच्या दिवशी तव्यावर बेकन नाही. त्या कपड्यांत गाडीत पेट्रोल भरायचं नाही. रबरी बुटांना घरातली जमीन लागू द्यायची नाही. संसारभर मी त्याची टर उडवली, की बाबा रे, नाकाने कांदे सोलणं पुरे कर. आणि आता तेच सगळं मी करत होते, काडीचाही फरक न करता.

करत होते त्याला कारण होतं. ऑरिनचे गुडघे गेले, मचाणाची शिडी त्याला चढवेना. गेल्या मोसमात तो पहिल्यांदाच रिकाम्या हाताने आला. मग सप्टेंबरात आमची मुलगी मार्ला मॅडिसनहून आली, तिने तळघरातला फ्रीझर उघडला, आणि तिथंच उभी राहून म्हणाली, "आई, यात नुसते मटार आहेत."

"मटार चांगले असतात," मी म्हटलं.

"तुम्हा दोघांना इथं आता झेपत नाहीये. हे दिसतंय मला. आमच्या इथं छान फ्लॅट आहेत, लिफ्टवाले."

"बंदुकांचा मोसम सुरू व्हायच्या आधीच्या रविवारी ये," मी म्हटलं. "शेडमध्ये हरीण टांगलेलं दिसलं नाही, तर लिफ्ट दाखव मला."

बोलून बसले. तोंड माझं पहिल्यापासून असंच आहे. पण एकदा शब्द गेला की गेला. आता हरीण मिळालं तर घर राहणार, नाही मिळालं तर लिफ्ट.

म्हणून मी वेड्यासारखी वास शोधत सुटले. मला न येणारा वास! केस सोड्याने धुतले. लसूण सोडला. कोंबड्यांच्या खुराड्यात जायचं बंद केलं. ड्वेनने माणसाचा वास झाकायला कोल्ह्याच्या मुताची बाटली दिली, ती बुटांवर शिंपडली. हरीण आलं, कोल्ह्याला ओलांडून पुढं आलं, आणि माझ्या वाटेवर पोचताच पुन्हा फुस्स. म्हणजे माझ्यात कोल्ह्याहून वाईट काहीतरी होतं. मला रात्री झोप लागेना. काही आजार असेल का? आतून कुजतेय का मी? ऑरिनला विचारलं तर तो म्हणाला, "तू? तू मरायची नाहीस. तुझ्या बोलण्याला घाबरून मरण पुढच्या घरी जाईल."

आणि कपड्यांत नाक घालून पुन्हा तेच. पाण्यासारखी स्वच्छ.

मुदतीचा रविवार तोंडावर आला तेव्हा मी ठरवलं, पेटीतला पाला बदलून बघू. खालून काही कुजलं असेल. ऑरिन दुपारचा डुलक्या घेत होता. मी पडवीत पेटी उपडी केली. जाकीट पडलं, विजार पडली, डहाळ्या पडल्या, आणि त्यांच्याखालून बोळा केलेले काही कपडे पडले. ऑरिनच्या आतल्या लांब लोकरी विजारी. एक, आणि आणखी एक, आणि एक टॉवेल. हाताला ओलसर लागत होतं.

मी ते नाकाशी नेलं. काहीच नाही. जोरात ओढून बघितलं. थंड हवा, बस्स.

आता याचा अर्थ काय लावायचा? पावसात भिजला असेल आणि विसरला असेल? पण पेटीत का, तीही पाल्याखाली? मला खरंच उमजेना. कुणाचं तरी चालतं नाक हवं होतं, आणि घरातलं मला त्या क्षणी विचारावंसं वाटेना. का वाटेना, तेही कळेना. मी एक विजार पिशवीत घातली आणि तडक ड्वेनच्या गोठ्यात गेले. तो गाईंना चारा टाकत होता.

"हे हुंग," मी म्हटलं.

"काय आहे?"

"तेच विचारायला आलेय. हुंग आणि सांग."

त्याने पिशवीत डोकावलं मात्र, लगेच बाजूला झाला. टोपी काढली, परत घातली. आमच्याकडची माणसं अशीच. घराला आग लागली तरी सांगायच्या आधी हवापाण्याच्या दोन गोष्टी करतील.

"थंडी लवकर पडली यंदा," ड्वेन म्हणाला.

"ड्वेन!"

"मूत आहे, आर्डिस," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "माणसाचं."

मी तिथल्याच पालथ्या बादलीवर बसले.

"आणि हे बघ," तो घाईघाईने म्हणाला, "त्यात लाजायचं काही नाही. वय झालं की होतं. माझ्या आईलाही होतं. चर्चमध्ये कुणी कधी एक अक्षर काढलं नाही. खिडकी उघडून ठेवतो आम्ही, तेवढंच."

"कधीपासून?"

"मक्याला कणसं धरली तेव्हापासून असेल."

"आणि तुम्हाला वाटलं की मी..."

त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

"मीच का? ऑरिन का नाही?"

"ऑरिन?" ड्वेनने खरोखर नवलाने वर बघितलं. "अगं, ऑरिनच्या अंगाला वास? काहीतरीच काय बोलतेस."

चोर सोडून संन्याशाला फाशी! अख्ख्या गावाने मला फाशी देऊन वर प्रेमाने खिडकी उघडून ठेवली होती. आठवत गेलं तसं अंगाला चटके बसायला लागले. चर्चमधलं कॉफीचं टेबल आमच्यापासून लांब सरकलं होतं ते. माझ्या शेजारी बसणारी बाई अचानक गायनमंडळात गेली ती. मला राग आला होता, पण नेमका कुणाचा तेच ठरेना. गावाचा की नवऱ्याचा? की हरणांचा, ज्यांनी एवढं तोंडावर सांगितलं आणि मला कळलं नाही?

घरी आले तर ऑरिन जागा होता आणि उपड्या पेटीसमोर उभा होता. मी पिशवी त्याच्या पायाशी टाकली.

"रोज हुंगत होतास तू मला," मी म्हटलं. "रोज! आणि म्हणे पाण्यासारखी स्वच्छ!"

त्याने वाकून पेटी सरळ केली.

"हरीण नाही मिळालं तर घर जाणार, हे माहीत होतं ना तुला?"

"होतं."

"मग?"

"वास येतो म्हटलं असतं तर तू पेटी उघडली असतीस." तो खुर्चीत बसला. खुर्चीवर वर्तमानपत्रं अंथरलेली होती. खुराड्यातली घाण लागू नये म्हणून, असं तो सांगायचा. "घरात झाकण घट्ट लागणारी तेवढी एकच वस्तू आहे. मला वाटलं, तू मचाणावर असताना काढून धुवीन. काही धुतलेही. मग दोनदा विसरलो. मग... कुठं कुठं ठेवलंय तेच आठवेना."

"मशीन काय शोभेला आहे?"

"मशीनवर मोसमात तुझा पहारा. कशाला लावलंस म्हणून विचारलं असतंस."

विचारलंच असतं.

"पहिल्यांदा झालं तेव्हा तू शेजारीच झोपली होतीस," तो म्हणाला. "तू उठली नाहीस. तुला वास येत नाही याचं मला तेव्हा इतकं बरं वाटलं गं. इतकं बरं वाटलं."

मला त्याला फोडून काढावंसं वाटलं आणि जवळही घ्यावंसं वाटलं. यातलं मी काहीच केलं नाही. सगळं मशीनमध्ये टाकलं, पेटी उकळत्या पाण्याने घासली आणि ती घासताना खूप रडले.

त्यानंतरच्या दुसऱ्या संध्याकाळी मादी आली. पिल्लं बरोबर नव्हती, दुसरीच असावी. माझ्या वाटेवर पोचली, नाक खाली घातलं, आणि तशीच चरत पुढं आली. मी बाण सोडला. ती धावत ओढ्यापर्यंत गेली आणि पडली.

ओढायला ऑरिन घसरगाडी घेऊन आला. गुडघे कुरकुरत होते, पण हरणापाशी बसून सुरी हातात घेतली आणि बघता बघता त्याने ते साफ केलं. एक कापही वाकडा नाही. मी विजेरी धरून उभी होते. हाच तो माणूस, ज्याला आपण काय कुठं दडवलं ते आठवत नाही? मी त्याच्या हातांकडे बघत राहिले आणि माझा गोंधळ आणखीच वाढला.

रविवारी मार्ला आली. शेडमधलं हरीण बघून हरखली. बापाला मिठी मारली, मला मारली, फोटो काढले. लिफ्टचं नावही काढलं नाही. मी बटाटे आणि हरणाचं काळीज कांद्यावर परतलं होतं. ऑरिन अगदी रंगात आला. शिकारीची गोष्ट त्याने दोनदा सांगितली, दुसऱ्यांदा त्यात बाण त्यानेच मारला होता. मार्ला हसली, तिला ती थट्टा वाटली.

मग हसता हसता ती थांबली. तिचं नाक हललं. तिने इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि काटा खाली ठेवला.

"आई," ती हळूच म्हणाली, "हा वास कसला?"

ऑरिनच्या हातातला सुरी-काटा जागच्या जागी थांबला. त्याचा चेहरा मी कधी तसा बघितला नव्हता. एवढ्या वर्षांत कितीतरी हरणं माझ्यासमोर टिपली त्याने, पण कुठल्याही जनावराने माझ्याकडे असं बघितलेलं मला आठवत नाही.

"माझा," मी म्हटलं.

"म्हणजे?"

"म्हणजे माझा. वय झालं, होतं असं कधीकधी. गावात सगळ्यांना माहीत आहे, हवं तर ड्वेनला विचार."

"अगं आई, कधीपासून?" तिचे डोळे भरून आले. उठून माझ्यामागे आली, खांद्यावर हात ठेवले. "आणि कळवलं नाहीस? कपडे, चादरी, हे सगळं कोण बघतं?"

"तुझे बाबा."

मार्लाने बापाकडे असं बघितलं, की माझ्याकडे तिने कधी तसं बघितलं नव्हतं.

"बाबा आहेत म्हणून बरं," ती म्हणाली. "नाहीतर मी तुला आजच्या आज गाडीत घालून नेलं असतं. बाबा, झेपेल ना तुम्हाला? आईकडे लक्ष ठेवाल ना?"

ऑरिनने माझ्याकडे बघितलं. मग टेबलावरून हात पुढे करून माझा हात धरला.

"मी आहे ना," तो म्हणाला. "तू काळजी करू नकोस. मी बघतो तिचं सगळं."

तो हे माझी थाप निभावण्यासाठी म्हणत होता, की त्याला ते खरंच तसं वाटत होतं? त्याच्या डोळ्यांत मी शोधलं, मला काही सापडलं नाही. इतक्या मायेने, इतक्या खात्रीने म्हणाला तो, की मीही डळमळले. शेवटी नाक तर माझंच मेलेलं. मार्ला डोळे पुसायला वळली तेव्हा मी टेबलाखालून हळूच माझ्या खुर्चीवर हात फिरवून बघितला.

कोरडी होती.