न वाचली जाणारी फाईल

खंडेनवमीची पूजा झाली की दसरा उजाडेपर्यंत मशीनला हात लावायचा नाही, हा आमच्या शाहूपुरीतल्या रक्तदाता मंडळाचा नियम. दोन हजार दात्यांची यादी एका सर्व्हरवर, आणि तो सांभाळणारा शहाणा मी. पूजेला नवी मशीन हवी म्हणून त्या सकाळी घाईघाईनं जुन्या लिनक्स प्रणालीवरची यादी नव्या, वेगळ्या जातीच्या लिनक्सवर नेली. सेटिंगचं जुनं फोल्डरही जसंच्या तसं आणून ठेवलं आणि हळद-कुंकू लावलं. लॉगिन करून बघायचं तेवढं राहिलं. जुन्या मशीनमधलं सगळं पुसून ती राधानगरीच्या एका शाळेला देऊनही टाकली. अति शहाणा त्याचा बैल रिकामा!

दसऱ्याला सकाळी धोंडुबाई मंडळाच्या माडीवर आल्या. त्यांची सून संयोगिता बाळंत झाली होती आणि रक्तस्राव थांबत नव्हता. ओ निगेटिव्ह रक्ताची एकच पिशवी मिळाली होती.

"पावणं, तुमच्याकडं यादी हाय म्हनं. दोन मानसं द्या की."

मी पासवर्ड टाकला. डेटाबेसनं नाकारला. नवं लिनक्स जुन्या पद्धतीचा पासवर्ड मानत नाही, एवढं मला ठाऊक होतं. सेटिंगची फाईल उघडली, पद्धत बदलली, सर्व्हर बंद करून चालू केला. पुन्हा नकार. शेवटी पासवर्डशिवाय सगळ्यांना आत सोड असंही लिहिलं, तरी नकारच. मला रडू येत होतं.

"झालं का वो?"

"होतंय, मावशी." मी धडधडीत खोटं बोललो.

वारणानगरच्या कॉलेजातल्या माझ्या विजयसिंह सरांनी अकराव्यांदा लावल्यावर फोन उचलला. सगळं ऐकून म्हणाले, "अरं, ती फाईल तूच जुन्या मशीनवरनं आणून ठेवलीयास. नवं लिनक्स तिच्याकडं बघत बी न्हाय. त्येची फाईल दुसऱ्या जागी असती. हुडीक."

दोन तास मी कुणीही न वाचणारी फाईल बदलत बसलो होतो. खरी फाईल सापडली, एक शब्द बदलला आणि यादी उघडली. ओ निगेटिव्हची नऊ नावं. यादीतला पहिलाच दाता पिराजी फोनवर म्हणाला, "आलोच, धा मिन्टात."

"मावशी, मिळाला माणूस!"

धोंडुबाई दाराशी फोन कानाला लावून उभ्या होत्या. त्यांनी तो सावकाश खाली घेतला.

"त्येला सांगा, येऊ नगो. सून ग्येली माझी."

त्या जवळ आल्या, माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"तुम्ही लई केलंसा, बाबा. दोन तास उठला न्हाईसा जाग्यावरनं."

चूक माझी होती, हे सांगायचं सोडून मी पिराजीला नको म्हणायला फोन लावला. त्या पदरानं डोळे पुसत जिना उतरून गेल्या.